किल्ल्यातली न पाठवलेली पत्रे

मी भिंगारचा. भुईकोट किल्ला म्हणजे आमचा शेजारी. पाहुणे आले की आम्ही ऐटीत सांगतो, इथे नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. पण त्याच किल्ल्यात त्याच काळात आणखी एक पुस्तक लिहिलं गेलं, हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं. पुस्तक 'गुबार-ए-खातिर', भाषा उर्दू आणि लेखक मौलाना अबुल कलाम आझाद.

मौलानांचा जन्म १८८८ चा, मक्केतला. लहानपणीच कुटुंब कलकत्त्याला आलं. वडील मोठे धर्मपंडित, त्यामुळे सगळं शिक्षण घरीच, कडक शिस्तीत. शाळेची पायरी ते कधी चढलेच नाहीत. घरातल्या पेट्या ओळीने मांडून आगगाडी करायची, वडिलांचा फेटा डोक्याला बांधायचा आणि बहिणींपुढे मोठ्या वक्त्यासारखं उतरायचं, हा त्यांचा लहानपणीचा खेळ! बारा-तेरा वर्षांचे झाल्यावर पुस्तक घेऊन डलहौसी स्क्वेअरच्या झाडीत जाऊन बसायचे. घरचे शोधून थकायचे.

'आझाद' हे त्यांनी कवितेसाठी घेतलेलं टोपणनाव. १९०३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी 'लिसान-उस-सिद्क' हे मासिक काढलं. त्या सुमारास मुंबईत भेटलेल्या शिबली नोमानींना हा पोरगा संपादकांचा मुलगा वाटला होता, असं सांगतात. पुढे १९१२ मध्ये 'अल-हिलाल' साप्ताहिक आलं. त्यातल्या लेखनामुळे सरकारने जबर जामीन मागितला आणि १९१४ मध्ये ते बंद पडलं. लेखणी मात्र थांबली नाही.

९ ऑगस्ट १९४२. 'छोडो भारत'चा ठराव होऊन रात्र उलटते न उलटते, तोच काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या मौलानांना मुंबईत अटक झाली. नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशा सहकाऱ्यांसोबत त्यांना आपल्या किल्ल्यात आणलं. सुरुवातीला पत्रं पाठवायचीही परवानगी नव्हती. तरी दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपले मित्र हबीबुर रहमान खान शेरवानी यांना पत्र लिहायला घेतलं. ते जाणार नाही हे माहीत होतं. तरीही पहाटे उठायचं, स्वतः चहा करायचा आणि लिहायचं.

काय नाही त्या पत्रांत! चहा कसा करावा इथपासून थेट देव आणि तत्त्वज्ञानापर्यंत. माझी सर्वांत आवडती गोष्ट चिमण्यांची. छतात घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी त्यांचं युद्ध झालं, मग तह झाला आणि शेवटी दाणे खायला त्या हातावर येऊ लागल्या. एकेकीला त्यांनी नावंही ठेवली.

ही गोष्ट मार्च १९४३ मधली. तेव्हाच कलकत्त्यात पत्नी झुलेखा बेगम आजारी होत्या. सरकारला काही सांगायचं असेल तर कळवतो, असं तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवलं. मौलानांनी विनंती केली नाही. रोजचा दिनक्रमही बदलला नाही. ९ एप्रिलला त्या गेल्या. मुंबईला निघताना दारात झालेला निरोप हीच शेवटची भेट ठरली. दोनच दिवसांनी त्यांनी हेही पत्रात लिहिलं. आवारातल्या एका जुन्या कबरीकडे त्या संध्याकाळी त्यांची नजर कशी गेली, ते वाचताना माझ्या घशात आवंढा आला.

१९४६ मध्ये या पत्रांचं पुस्तक निघालं. स्वातंत्र्यानंतर मौलाना देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. १८ ऑगस्ट १९५१ रोजी खरगपूरच्या आय.आय.टी.चं औपचारिक उद्घाटन केलं ते शाळेत न गेलेल्या याच माणसाने! १९५८ मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्या वर्गातही जर्नलच्या मागच्या पानावर गुपचूप कथा-कविता लिहिणारे आहेतच. त्यांना नेहमी विचारलं जातं, लिहून काय मिळणार? प्लेसमेंटमध्ये त्याचे मार्क नाहीत, हे खरंच आहे. पण बाहेरची सगळी दारं बंद असताना आणि घरून वाईट बातमी आलेली असताना एका माणसाला रोज पहाटे उठून बसायला त्या लिहिण्यानेच बळ दिलं. तेव्हा दोस्तांनो, कुणी वाचो न वाचो, लिहीत राहा!