कॉडसाहेब आणि त्यांचा ‘नल’

डीबीएमएसच्या लॅबमध्ये हे सगळ्यांनीच पाहिलंय. क्वेरी बरोबर, टेबलमध्ये डेटा भरलेला, एरर एकही नाही, आणि रिझल्ट मात्र कोरा! अशा वेळी बरेचदा कुठल्यातरी रकान्यात ‘नल’ लपलेला असतो (नल-दमयंतीमधला नव्हे). या नलला डेटाबेसच्या शास्त्रात मानाची जागा देणारे गृहस्थ म्हणजे एडगर कॉड.

त्यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ चा, इंग्लंडच्या पोर्टलंड बेटावरचा. सात भावंडांत सगळ्यात धाकटे. ऑक्सफर्डला शिकले, दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सची विमानं चालवली. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला आले तेव्हा पहिली नोकरी कसली? मेसीज या दुकानात पुरुषांचे कपडे विकायची! (प्लेसमेंटचं टेन्शन घेणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) पुढच्या वर्षी आयबीएममध्ये लागले. पण सिनेटर मॅकार्थी कम्युनिस्ट ठरवून लोकांच्या मागे लागले, तेव्हा निषेध म्हणून १९५३ मध्ये कॉड सरळ कॅनडाला निघून गेले. माणूस तत्त्वाचा होता. काही वर्षांनी परत आले आणि चाळिशी ओलांडल्यावर, १९६५ मध्ये, मिशिगन विद्यापीठाची पीएचडी मिळवली.

त्या काळी डेटापर्यंत कुठल्या वाटेने पोचायचं हे प्रोग्रामरलाच माहीत असावं लागे. १९७० च्या पेपरमध्ये कॉड यांनी मांडलं, की डेटा साध्या टेबलांत ठेवा आणि फक्त काय हवंय ते सांगा. वाट मशीन शोधेल. आयबीएमचं जुनं आयएमएस चांगलं खपत होतं, त्यामुळे घरच्यांनीच ही कल्पना लवकर उचलून धरली नाही. १९८१ मध्ये ट्युरिंग अवॉर्ड मात्र मिळालं.

आता नल. १९७९ च्या पेपरात कॉड यांनी ‘खरं’ आणि ‘खोटं’ यांच्या जोडीला तिसरं उत्तर घेतलं, ‘माहीत नाही’. त्याचा परिणाम बघा. समजा हॉस्टेल ऑफिसला रूम न मिळालेल्यांची यादी हवीय. अलॉटमेंट टेबलमध्ये ‘नॉट इन’ असलेले रोल नंबर मागितले. तिथे एका रूमसमोर रोल नंबर भरायचा राहिलाय, म्हणजे नल. मशीन विचारतं, ४१ नंबरचा मुलगा या नलपेक्षा वेगळा आहे का? माहीत नाही! रूम न मिळालेल्या प्रत्येकाबद्दल हेच उत्तर. आणि ‘व्हेअर’ फक्त ‘खरं’ ठरलेल्या रांगाच सोडतं. यादी कोरी, ऑफिसला वाटतं सगळ्यांची सोय झाली, आणि ४१ नंबर ट्रंक घेऊन गेटवर उभा. इथे ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरावं, नाहीतर सबक्वेरीत ‘इज नॉट नल’ घालावं. नल शोधताना बरोबरचं चिन्ह टाकलंत तरी कोरंच येणार, तिथे ‘इज नल’च लागतं.

कॉड यांचे मित्र आणि कन्सल्टिंगमधले पार्टनर ख्रिस डेट यांना हा नल मुळीच पटला नाही. १९९३ मध्ये दोघांचा छापील वादच झाला. मला डेट यांचा वैताग कळतो, पण रिकाम्या जागी शून्य किंवा ९९९९ भरून ठेवणं त्याहून वाईट. कॉड तर १९९० च्या पुस्तकात आणखी पुढे गेले होते: फोन नंबर माहीत नसणं वेगळं आणि फोनच नसणं वेगळं, म्हणून खुणाही दोन हव्यात. १८ एप्रिल २००३ ला, ७९ व्या वर्षी, ते फ्लोरिडात वारले. एसक्यूएलमध्ये नल आजही एकच आहे.