मैदानावरचे कर्नल

पाटोद्याला मी लष्कर आणि खेळ यांचे नाते जवळून पाहतो. शेजारच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे लष्करातूनच ऑलिंपिकला गेला. अशा वेळी मला आठवतात ते पुण्यात १९१९ साली जन्मलेले लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी.

१९५२ साली दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध नाबाद ८१ धावा करताना त्यांनी गुलाम अहमदसह अखेरच्या जोडीसाठी १०९ धावा जोडल्या. १९७१ साली ते व्यवस्थापक म्हणून इंग्लंडला गेले. वाडेकरांच्या संघाकडून क्षेत्ररक्षणाची जणू कवायतच करून घेतली. ओव्हलवर मालिका जिंकली. १९७४ साली तेच व्यवस्थापक, तेच कर्णधार. पण लॉर्ड्सवर डाव ४२ धावांत आटोपला.

कर्नल २००३ साली गेले. मला मात्र त्या ४२ धावांपेक्षा त्यांची शिबिरे मोठी वाटतात. गावसकर, कपिल देव त्यांच्याच हाताखालून गेले.