काचेचं घर बांधणारा पाथरवटाचा मुलगा

पोलाद आणि काचेच्या उंच इमारती आज कुठल्याही मोठ्या शहरात दिसतात. ही वाट ज्यांनी रुळवली त्यांतलं एक मोठं नाव म्हणजे लुडविग मीस व्हान डर रोह. पण त्यांचं सगळ्यांत गाजलेलं घर एकमजली आहे, एका बाईसाठी बांधलेलं, आणि तेही नदीकाठच्या झाडांत.

मीस यांचा जन्म १८८६ साली जर्मनीतल्या आखेन गावी झाला. वडील पाथरवट. आर्किटेक्चरचं रीतसर शिक्षण मीस यांनी कधी घेतलंच नाही. दगड कसा घडवतात, सांधे कसे जुळवतात, हे घरीच पाहिलं. पुढे बर्लिनला पीटर बेहरन्स यांच्याकडे उमेदवारी केली आणि हळूहळू नाव झालं. १९३० मध्ये ते बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेचे प्रमुख झाले. नाझींच्या दडपणाखाली ती शाळा १९३३ मध्ये बंद पडली, आणि १९३८ साली, पन्नाशी उलटल्यावर, ते शिकागोला शिकवायला गेले. नवा देश, नवी भाषा.

तिथेच १९४५ मध्ये एका जेवणाच्या निमित्ताने त्यांची डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्याशी ओळख झाली. बाई मूत्रपिंडाच्या तज्ज्ञ, एकट्या राहणाऱ्या. इलिनॉयमधल्या प्लेनो गावाजवळ, फॉक्स नदीच्या काठी त्यांची जमीन होती. शनिवार-रविवारी तिथे निवांत राहता यावं, एवढीच इच्छा.

मीस यांनी काय केलं? पोलादाचे आठ खांब उभे केले आणि त्यांच्यामध्ये जमिनीपासून सव्वापाच फूट वर फरशी तोलली. वर सपाट छप्पर, चारही बाजूंना काच. आत एकही भिंत नाही. न्हाणीघरं, स्वयंपाकघर आणि शेकोटी मिळून मधोमध लाकडाचा एकच गाभा. पोलादाला पांढरा रंग, कारण रंग बाहेरच्या ऋतूंचे दिसावेत, घराचे नव्हे. शेजारी जुना मोठा मेपल होता, उन्हाळ्यात सावली त्याची. आणि बाहेरचा ओटा बघा! फरशांखाली खडीने भरलेले खळगे आहेत, पावसाचं पाणी सांध्यांतून खाली झिरपतं, म्हणून ओट्याला उतार द्यावाच लागला नाही. पाथरवटाचा मुलगा इथे दिसतो.

१९५१ मध्ये घर पूर्ण झालं, तोवर मैत्री संपली होती. खर्च अंदाजाच्या बाहेर गेला. मीस यांनी पैशांसाठी दावा लावला, बाईंनी उलट दावा. कोर्टाचा कौल मीस यांच्या बाजूने झुकला, पण शेवटी तडजोडीवर मिटलं.

भांडण नुसतं पैशांचं नव्हतं, असं मला वाटतं. हिवाळ्यात काचांवर पाणी धरायचं, उन्हाळ्यात घर तापायचं, उघडणाऱ्या खिडक्या एका टोकाला दोन लहानशा. रात्री दिवा लावला की रानातले किडे काचेवर जमायचे. आणि वाटेवरून बघ्यांना आतली बाई दिसायची. झाडं बघायला बांधलेल्या घरात तीच बघण्याची वस्तू झाली. मीस मोठे खरेच. पण घरात माणूस कधीतरी लपतोही, हे त्यांनी जमेस धरलं नाही. बाईंनी डासांसाठी ओट्याला जाळ्या लावून घेतल्या. आराखड्याच्या दृष्टीने ते पापच!

निसर्गानेही हिशेब चुकवून घेतला. पुराचा विचार करूनच घर उचललेलं होतं, तरी १९५४ मध्ये नदी घरात शिरली. १९९६ च्या पुरात तर काच फुटली, लाकूडकाम गेलं.

एवढं होऊनही बाईंनी त्या घरात वीस वर्षं काढली, हे विसरून चालणार नाही. मीस १९६९ मध्ये शिकागोत वारले. १९७२ मध्ये बाईंनी घर विकलं आणि त्या इटलीला गेल्या. नव्या मालकाने आल्यावर जाळ्या काढून टाकल्या. तो मेपलही २०१३ मध्ये तोडावा लागला. घर मात्र आहे, संग्रहालय म्हणून. आणि २०२१ पासून त्याच्या नावात एडिथ हे बाईंचं नाव पूर्ण लिहितात.