न्यायमूर्ती रानडे : बुद्धीची कसोटी आणि श्रद्धेची वाट

विज्ञानाचे शिक्षण घेणारी आपल्या घरांतील मुले कधी ना कधी एक प्रश्न विचारतातच. एखादा सिद्धांत प्रयोगाच्या कसोटीस उतरला नाही, तर शास्त्रज्ञ तो बाजूला ठेवतात. मग परमेश्वरावरील श्रद्धेलाही हाच नियम का लावू नये? हा प्रश्न आजचा नाही. विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या महाराष्ट्रातील पहिल्याच पिढीला तो पडला होता. त्या पिढीतील ज्या थोर पुरुषाने जन्मभर त्याचा विचार केला, त्यांचे बालपण कोल्हापुरात गेले. ते म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. ते ख्रिस्ती नव्हते. तरीही त्यांच्या चरित्रात आपण विचारात घ्यावे असे पुष्कळ आहे.

कोल्हापुरातील बालपण

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव नोकरीनिमित्त कोल्हापूर संस्थानात आले आणि महादेवाचे मराठी व इंग्रजी शालेय शिक्षण याच नगरीत झाले. मुलगा अबोल होता. त्याच्या लहानपणाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. खेळायला कोणी सोबती नसला, की तो घरातील खांबालाच प्रतिस्पर्धी मानून सोंगट्या खेळे. एका हाताने स्वतःचे दान टाकावे आणि दुसऱ्या हाताने खांबाचे. खांब जिंकला, तर आपली हार तो निमूटपणे मान्य करी. जो बोलू शकत नाही त्याच्याही बाजूला पुरेपूर न्याय देण्याची ही वृत्ती पुढे न्यायासनावर त्यांच्या कामी आली, आणि धर्मविचारातही.

नव्या विद्येचे संस्कार

पुढील शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८६२ साली जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. अखंड वाचनामुळे रानडे यांच्या डोळ्यांना कायमची इजा झाली. मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करणारा एक निबंध लिहिल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती काही महिने थांबविण्यात आली. पुराव्याने पटलेली गोष्ट अधिकाऱ्यांना रुचो वा न रुचो, ती मांडण्याची सवय त्यांना विद्यार्थिदशेतच लागली होती. काही काळ त्यांनी कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश म्हणूनही काम पाहिले. १८७१ साली त्यांची पुण्यास न्यायखात्यात नेमणूक झाली आणि १८९३ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

अशा चिकित्सक मनाला परंपरेने आलेला धर्म जसाच्या तसा स्वीकारणे शक्य नव्हते. मुंबईत ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाजाची स्थापना झाली. रानडे लवकरच त्यात सामील झाले आणि त्याचे एक प्रमुख विचारवंत ठरले. एकच परमेश्वर, त्याची मनोभावे प्रार्थना आणि सर्व माणसांचे बंधुत्व ही समाजाची शिकवण होती. कोणताही ग्रंथ अचूक म्हणून प्रमाण मानायचा नाही आणि परमेश्वराने मनुष्यावतार घेतला असे मानायचे नाही, हेही त्यात होते. येथे आपली वाट त्यांच्यापासून वेगळी होते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

सिद्धांत की विश्वास?

मग रानडे यांनी श्रद्धेकडे शास्त्रीय सिद्धांताप्रमाणे पाहिले काय? त्यांच्या ईश्वरवादावरील लेखांतून आणि व्याख्यानांतून जे उत्तर मिळते, ते दोन भागांचे आहे.

पहिला भाग असा, की धर्माच्या नावाने चालणारी प्रत्येक रूढी बुद्धीपुढे आणि इतिहासापुढे उभी केलीच पाहिजे. बालविवाह, विधवांचे हाल, जातिभेद यांना धर्माचा आधार आहे असे कोणी म्हटले, की रानडे जुनी शास्त्रवचने व इतिहास तपासत आणि तो आधार किती कच्चा आहे ते दाखवीत.

दुसरा भाग त्याहून सूक्ष्म आहे. परमेश्वराचे अस्तित्व भूमितीतील प्रमेयाप्रमाणे सिद्ध करता येईल, असा दावा त्यांनी केला नाही. सृष्टी, मानवी आत्मा आणि परमेश्वर ही तीन तत्त्वे त्यांनी मूलभूत मानली. त्यांपैकी एकाला गिळून दुसरे उभे केले, तर मनुष्याच्या अनुभवाचा उलगडा होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सदसद्विवेकबुद्धी, कर्तव्याची जाणीव आणि प्रार्थनेतून मिळणारे बळ यांचा हिशेब जडवाद देऊ शकत नाही, असे त्यांना वाटे. प्रत्येक विषयाला त्याच्या स्वभावानुसार पद्धत हवी, हे त्यांचे मत अर्थशास्त्रातही दिसते. अर्थशास्त्राचे नियम पदार्थविज्ञानाच्या नियमांप्रमाणे सर्व देशांना सारखेच लागू पडतात, हे गृहीतक त्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात नाकारले होते. बाजारहाटाच्या व्यवहारालाही जे माप पुरत नाही, ते परमेश्वर व मनुष्य यांच्या नात्याला कसे पुरावे?

आगरकरांचा आक्षेप

त्याच पुण्यात गोपाळ गणेश आगरकर होते. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबाबत तेथील दिवाणांवर केलेल्या लिखाणामुळे १८८२ साली लोकमान्य टिळकांसह १०१ दिवस डोंगरीचा तुरुंगवास भोगलेले हेच ते आगरकर. मिल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांवर त्यांचे मन घडले होते. परमेश्वर आहे की नाही हे मनुष्याला कळू शकत नाही, आणि नीतीला धर्माच्या आधाराची गरज नाही, असे त्यांचे मत होते. अधिक पगाराच्या नोकऱ्यांकडे पाठ फिरवून, दमा व लोकनिंदा सोसून त्यांनी अत्यंत निःस्पृह आयुष्य घालविले. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही न गाठता, ते निवर्तले.

आगरकरांचे जीवन श्रद्धावंतांना अडचणीचा प्रश्न विचारते. सदाचरण हाच श्रद्धेच्या खरेपणाचा पुरावा म्हणावा, तर श्रद्धा नसलेल्या या माणसाच्या सदाचरणाचे काय करावे? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. सोंगट्यांच्या खेळात खांबाला मिळत असे, तेवढा न्याय तरी त्यालाही मिळालाच पाहिजे.

आचरणाची परीक्षा

आणि श्रद्धावंत रानडे यांचे आचरण? १८७३ साली त्यांच्या प्रथम पत्नीचे निधन झाले. विधवाविवाहाचे ते पुरस्कर्ते. तेव्हा ते आता एखाद्या विधवेशी विवाह करतील, अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांनी घाईने अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह ठरविला आणि बत्तिशीला टेकलेल्या रानडे यांनी पितृआज्ञेपुढे मान तुकविली. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा घेतल्यावरून मोठे वादळ उठले. त्यात काहीही पाप नाही हे ठाऊक असूनही, आपल्यामुळे मित्रांची कोंडी होऊ नये म्हणून, रानडे यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले. या दोन्ही प्रसंगी त्यांच्या चाहत्यांना दुःख झाले.

पण चित्राची दुसरी बाजूही आहे. त्याच बालवधूला, रमाबाईंना, त्यांनी घरातील स्त्रियांचा विरोध सोसून शिकविले. पुढे रमाबाईंनी पुण्यातील सेवासदनाचे कार्य उभारले आणि पतीच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. पहाटे उठून तुकोबांचे अभंग म्हणण्यात देहभान विसरणारे रानडे त्या आठवणींत भेटतात. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी बोध

शास्त्रीय सिद्धांत मांडणाऱ्याचे खासगी जीवन कसे होते, याने सिद्धांताच्या खरेपणात फरक पडत नाही. तो सिद्धांतही त्याच्याकडून जीवन मागत नाही. श्रद्धा मात्र संपूर्ण माणूस मागते. म्हणूनच रानडे यांचे दोन पराभव आपल्याला बोचतात. एखाद्या गणितज्ञाच्या बाबतीत ते तसे बोचले नसते. त्या पराभवांनी परमेश्वर खोटा ठरत नाही, आणि पहाटेच्या अभंगांनी तो प्रयोगशाळेतल्यासारखा सिद्धही होत नाही. आगरकरांच्या सचोटीचा मान राखूनच आपण हे म्हणू शकतो. परमेश्वराने प्रत्येक माणसाला सदसद्विवेकबुद्धी दिली आहे, अशी आपली श्रद्धा आहे. तेव्हा ती आगरकरांमध्ये तेजाने प्रकटली याचे आपल्याला नवल वाटू नये.

रानडे प्रार्थना समाजात धर्मचिंतन करीत होते त्याच काळात, २४ एप्रिल १८७० रोजी, पहिल्या व्हॅटिकन परिषदेने याच विषयावर आपली शिकवण जाहीर केली. सृष्टीवरून परमेश्वराला ओळखण्याचे सामर्थ्य मानवी बुद्धीत आहे. परंतु श्रद्धा म्हणजे स्वतःला प्रकट करणाऱ्या परमेश्वराला मनुष्याने दिलेला प्रतिसाद, आणि तो कृपेवाचून घडत नाही. बुद्धी व श्रद्धा यांच्यात खरा विरोध असू शकत नाही, हेही परिषदेने सांगितले. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली श्रद्धा व बुद्धी या विषयावरील आपल्या विश्वपत्रात हाच विचार पुढे नेला.

तेव्हा मुलांनी प्रश्न विचारला, तर त्यांना गप्प बसवू नये. धर्माच्या नावाने आपण जे जे करतो, त्याची चिकित्सा त्यांना करू द्यावी. रानडे यांनी ती केली. परमेश्वरावरील विश्वास हे प्रयोगाची वाट पाहणारे अनुमान नसून एक नाते आहे, हेही त्यांना सांगावे. मात्र ते सांगताना संत याकोबाच्या पत्राची आठवण ठेवावी. कृतीवाचून श्रद्धा निर्जीव ठरते, आणि आपली मुले ती कृती आपल्याच घरात रोज पाहत असतात.