पॉल द व्हिव्ही
पॉल द व्हिव्ही (२९ एप्रिल, १८५३: पेर्न-ले-फाँतेन, व्हॉक्लुझ, फ्रान्स – २७ फेब्रुवारी, १९३०: सेंत-एत्येन, फ्रान्स) हे फ्रेंच सायकलस्वार, सायकलनिर्माते व संपादक होते. ते 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने अधिक प्रसिद्ध आहेत. सायकलचे सुटे भाग बदलून, जोडून व पुन्हा बदलून ती चढावरही सामान्य माणसाला चालवता यावी, यासाठी त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे प्रयोग केले. गिअर बदलणाऱ्या सायकलीचे आद्य पुरस्कर्ते आणि फ्रान्समधील सायकल-पर्यटनाचे जनक म्हणून त्यांना ओळखले जाते.

सुरुवातीचे जीवन

द व्हिव्ही यांचा जन्म दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात झाला. तरुणपणी ते रेशमाच्या व्यापारात शिरले आणि तिशी गाठण्यापूर्वीच त्यांचा स्वतःचा व्यवसाय उभा राहिला होता. सेंत-एत्येन हे शहर त्या काळी रेशमी फितींचे विणकाम, कोळसा आणि शस्त्रनिर्मिती यांसाठी प्रसिद्ध होते. बंदुकांचे भाग घडवणारे कुशल कारागीर तेथे मोठ्या संख्येने होते. पुढे याच कौशल्यावर शहरातील सायकल-उद्योग उभा राहिला. द व्हिव्ही यांच्या प्रयोगांनाही या कारागिरीचा मोठा आधार मिळाला.

१८८१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी पहिली सायकल विकत घेतली. पुढचे चाक फार मोठे आणि मागचे लहान, अशी त्या काळची ती सायकल होती. या रचनेत पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे. त्यामुळे पेडलच्या एका फेऱ्यात किती अंतर कापले जाईल, हे चाकाच्या आकारावरच ठरे आणि त्यात बदल करणे शक्य नसे. एका मित्राने घातलेल्या आव्हानावरून त्यांनी सहा तासांत सुमारे १०० किमी अंतर कापण्याचा बेत केला व ला शेझ-द्यो या डोंगराळ ठिकाणाकडे प्रवास केला. या प्रवासाने त्यांना लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीची गोडी लागली.

व्यवसायांतर आणि नियतकालिक

१८८७ मध्ये द व्हिव्ही यांनी चांगला चाललेला रेशमाचा व्यवसाय विकला व सेंत-एत्येन येथे सायकलींचे दुकान काढले. सुरुवातीला ते इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथून सायकली मागवून विकत असत. त्याच वर्षी त्यांनी सायकलविषयक नियतकालिक सुरू केले. ते लवकरच 'ल सिक्लिस्त' (अर्थ: सायकलस्वार) या नावाने ओळखले जाऊ लागले. व्हेलोसिओ हे टोपणनाव त्यांनी यातील लेखनासाठी वापरले.

दुकानाचे उत्पन्न बेताचे राहिले, परंतु नियतकालिकाचा प्रभाव मोठा ठरला. कोणता भाग बसवला, त्याने कोणत्या घाटात काय फरक पडला, काय मोडले आणि पुढच्या वेळी काय बदलावे, याची सविस्तर टिपणे त्यात प्रसिद्ध होत. वाचकही आपापले अनुभव कळवत. त्यामुळे एका माणसाचा छंद हळूहळू अनेकांच्या सामायिक प्रयोगाचे रूप घेऊ लागला.

'ला गोलवाझ' आणि गिअरचा प्रश्न

१८८९ मध्ये द व्हिव्ही यांनी स्वतःच्या सायकलीची निर्मिती केली व तिला 'ला गोलवाझ' असे नाव दिले. सारख्या आकाराची दोन चाके, आजच्या सायकलीसारखी चौकट आणि मागच्या चाकाला गती देणारी साखळी अशी तिची रचना होती. गिअर मात्र एकच होता.

सेंत-एत्येनच्या दक्षिणेस १,१६१ मीटर उंचीची 'कोल द ला रेप्युब्लिक' ही खिंड आहे. द व्हिव्ही तिच्या चढावर नेहमी सायकल चालवत. एकदा ते गोलवाझवरून हा चढ चढत असताना त्यांच्याच नियतकालिकाचा एक वाचक पाइप ओढत त्यांना मागे टाकून पुढे गेला, असे सांगितले जाते. चढावर वेग राखायचा तर हलका गिअर हवा, पण तोच गिअर सपाट रस्त्यावर वेग रोखतो, हे त्यांच्या लक्षात आले. दोन्ही गिअर एकाच सायकलीवर कसे बसवता येतील, हा प्रश्न त्यानंतर त्यांच्या कामाचा केंद्रबिंदू बनला.

साखळीच्या सायकलीत या प्रश्नाचे उत्तर दात्यांच्या गणितात असते. पेडलजवळच्या चक्राला ४४ व मागच्या चक्राला २२ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोनदा फिरते. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरल्यास सायकल ४.२ मीटर पुढे जाते. मागे १६ दात्यांचे चक्र बसवल्यास हेच अंतर सुमारे ५.८ मीटर होते. पुढे व मागे दोन्हीकडे २८ दाते असल्यास ते २.१ मीटरवर येते. अंतर जितके कमी, तितका पायांवरचा भार हलका. पाय फिरवण्याची लय शक्यतो कायम ठेवावी आणि चढ-उताराप्रमाणे गिअर बदलावा, हे द व्हिव्ही यांच्या विचाराचे सूत्र होते.

प्रयोग

त्यांची पहिली रचना अगदी साधी होती. पेडलच्या बाजूला वेगवेगळ्या आकारांची दोन दातेरी चक्रे बसवलेली असत. स्वाराने खाली उतरून साखळी हाताने एका चक्रावरून दुसऱ्यावर घ्यायची असे. पुढे त्यांनी सायकलीच्या डाव्या बाजूसही अशीच दोन चक्रे बसवली आणि चार गिअर मिळवले. दोन्ही बाजूंना साखळी असलेल्या या प्रकारच्या सायकली त्यांनी अनेक वर्षे वापरल्या.

१९०१ मध्ये 'व्हिपेट' या इंग्लिश सायकलीवरील चार गिअरची यंत्रणा त्यांच्या पाहण्यात आली. तिच्यातील पेडलजवळचे चक्र दोन भागांत विभागलेले होते. पेडल उलटे फिरवले की हे भाग उघडत किंवा मिटत व चक्राचा आकार बदले. आपल्या रचनेपेक्षा ही सुटसुटीत आहे, हे मान्य करून द व्हिव्ही यांनी ती अभ्यासली व इतरांच्या प्रयोगांचाही उपयोग करून घेतला. त्यानंतरच्या काही वर्षांत साखळीला एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या, म्हणजे आज 'डिरेलर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, यंत्रणा सेंत-एत्येनमधील कारागीर बनवू लागले. त्याच शहरातील 'इरोंदेल' सायकलींवर निराळी युक्ती होती. पेडल सरळ फिरवल्यास एक गिअर आणि उलटे फिरवल्यास चढासाठीचा हलका गिअर लागत असे.

द व्हिव्ही यांचे प्रयोग गिअरपुरते मर्यादित नव्हते. लहान व्यासाची चाके आणि रुंद टायर खडबडीत रस्त्यावर अधिक आरामदायक ठरतात व त्यामुळे वेगात फारसा तोटा होत नाही, असे मत त्यांनी स्वतःच्या प्रवासांवरून मांडले. अरुंद व कडक टायरच वेगवान असतो, या त्या काळच्या समजुतीच्या ते विरुद्ध होते. नवा भाग लांबच्या प्रवासात, घाटात आणि रात्रीच्या रस्त्यावर वापरून पाहिल्याखेरीज त्याची शिफारस करायची नाही, ही त्यांची पद्धत होती.

गिअरवरील वाद

गिअरच्या कल्पनेला सर्वाधिक विरोध शर्यतींच्या जगातून झाला. 'ल'ऑटो' या क्रीडा दैनिकाचे संपादक व पुढे तूर द फ्रान्स शर्यतीचे प्रवर्तक झालेले आंरी देग्रांज या विरोधात आघाडीवर होते. बदलते गिअर पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांसाठी ठीक आहेत, शर्यत मात्र स्नायूंच्या बळावर जिंकली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. जास्तीचे भाग म्हणजे जास्तीचे वजन आणि मोडण्याचा धोका, असाही आक्षेप घेतला जाई. सुरुवातीच्या यंत्रणांच्या बाबतीत या आक्षेपात तथ्य होते.

द व्हिव्ही यांचा दृष्टिकोन वेगळा होता. सायकल केवळ बलवान तरुणांसाठी नाही. वृद्ध, स्त्रिया आणि दिवसभर काम करून रविवारी घराबाहेर पडणारे लोक यांनाही डोंगर पाहता आले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. माणसाने यंत्राच्या मर्यादा सोसण्यापेक्षा यंत्र माणसाच्या ताकदीनुसार बदलावे, हे त्यांनी सातत्याने मांडले.

१९०२ मध्ये 'तूरिंग क्लब द फ्रान्स' या संस्थेने पिरेनीज पर्वतातील तूरमाले खिंडीच्या परिसरात सायकलींची चाचणी घेतली. तीत सेंत-एत्येनच्या मार्त हेस या स्त्रीने गिअर असलेल्या गोलवाझवरून चढ पार केला व वाटेत कोठेही पाय जमिनीला टेकवला नाही, असे सांगितले जाते. एकाच गिअरची सायकल वापरणाऱ्या नामांकित शर्यतपटूशी झालेली तिची तुलना गिअरच्या बाजूने महत्त्वाचा पुरावा मानली गेली. तरीही शर्यतींचे आयोजक बधले नाहीत. १९१० मध्ये तूर द फ्रान्स प्रथमच तूरमालेवरून गेली, तेव्हा आघाडीवर असलेल्या ऑक्ताव्ह लापीझ यांनाही चढाचा काही भाग सायकल ढकलत चालावा लागला. त्यानंतरही बरीच वर्षे शर्यतपटू घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक काढत व त्याच्या दुसऱ्या बाजूचे मोठे चक्र साखळीत येईल अशा रीतीने ते उलटे बसवत. तूर द फ्रान्समध्ये डिरेलरला १९३७ मध्ये परवानगी मिळाली. तोवर द व्हिव्ही यांच्या निधनाला सात वर्षे झाली होती.

सेंत-एत्येनचा संप्रदाय आणि प्रवासाचे नियम

द व्हिव्ही यांच्याभोवती सहप्रवासी व प्रयोगशील सायकलस्वारांचा गट तयार झाला. तो 'सेंत-एत्येनचा संप्रदाय' या अर्थाच्या नावाने ओळखला जातो. दरवर्षी ईस्टरच्या सुटीत हा गट रात्रभर सायकल चालवून प्रोव्हान्सकडे जात असे. द व्हिव्ही स्वतः पन्नाशी उलटल्यानंतरही दिवसरात्र चालणारे शेकडो किलोमीटरचे प्रवास करत.

अशा प्रवासांच्या अनुभवातून त्यांनी सायकल-पर्यटकांसाठी सात नियम सांगितले. थांबे कमी व छोटे असावेत. भूक लागण्यापूर्वी थोडे खावे आणि तहान लागण्यापूर्वी थोडे प्यावे. भूक व झोप उडेल इतके कधीही थकू नये. थंडी वाजण्यापूर्वी कपडे चढवावेत आणि उकडण्यापूर्वी उतरवावेत. निदान प्रवासात तरी मद्य, मांस व तंबाखू टाळावीत. पहिल्या काही तासांत विशेषतः आपल्या ताकदीबाहेर जाऊ नये. शेवटचा नियम असा की, केवळ प्रौढी मिरवण्यासाठी सायकल चालवू नये. लांब पल्ल्याचे सायकलस्वार आजही हे नियम पाळतात. द व्हिव्ही स्वतः शाकाहारी होते, तसेच एस्पेरांतो या आंतरराष्ट्रीय भाषेचे समर्थक होते.

निधन

२७ फेब्रुवारी, १९३० रोजी सेंत-एत्येनमध्ये ते सायकल हातात धरून रस्त्याने जात होते. समोरून येणारी मोटार चुकवण्यासाठी मागे सरकताना त्यांना ट्रामची धडक बसली आणि त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ७६ वर्षांचे होते. 'ल सिक्लिस्त' त्यांच्यानंतरही अनेक दशके प्रसिद्ध होत राहिले.

वारसा

द व्हिव्ही यांच्या हयातीतच, १९२२ मध्ये, त्यांच्या सन्मानार्थ सेंत-एत्येन येथे 'व्हेलोसिओ दिन' साजरा होऊ लागला. त्या दिवशी सायकलस्वार कोल द ला रेप्युब्लिक खिंडीपर्यंतचा चढ चढतात. खिंडीत त्यांचे स्मारक उभारलेले आहे. 'फ्लेश व्हेलोसिओ' हा ईस्टरच्या सुमारास होणारा चोवीस तासांचा सांघिक प्रवासही त्यांच्या नावाने ओळखला जातो. पॅरिसमधील ज्या संस्थेकडे याचे आयोजन आहे, तिच्याच नियमांनुसार पुणे व मुंबईसह भारतातील अनेक शहरांत २०० किमी व त्याहून लांब पल्ल्याचे 'ब्रेव्हे' प्रवास होतात.

साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेण्याची कल्पना केवळ द व्हिव्ही यांची नव्हती. इंग्लंड व फ्रान्समधील अनेकांनी त्यात भर घातली आणि द व्हिव्ही यांनीही इतरांच्या रचना मोकळेपणाने स्वीकारल्या. विखुरलेले प्रयोग एकत्र आणणे, ते स्वतःच्या पायांनी तपासणे आणि यशाबरोबर अपयशही वाचकांसमोर ठेवणे, हे त्यांचे विशेष कार्य मानले जाते. घाट चढण्याआधी मागच्या चाकावर अधिक दात्यांचे चक्र बसवून घेणारा हौशी सायकलस्वार त्यांनी रूढ केलेल्या पद्धतीनेच आपली सायकल स्वतःच्या ताकदीशी जुळवत असतो.