दोष कोणाच्या माथी?

कारखान्यात माल बिघडला की पहिला शोध घेतला जातो तो कामगाराचा. पाळी कोणाची होती, यंत्रावर कोण होते, एवढे कळले की चौकशी संपते आणि शिक्षा सुरू होते. या रूढ न्यायाला गणिताच्या आधारे छेद देणारे शास्त्रज्ञ म्हणून वॉल्टर शूहार्ट यांचे स्मरण केले पाहिजे.

१८९१ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जन्मलेले शूहार्ट मूळचे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. १९१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून पुढील वर्षी ते वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत दाखल झाले. शिकागोलगतच्या हॉथॉर्न कारखान्यात दूरध्वनीची सामग्री तयार होत असे. त्यातील काही सामग्री जमिनीखाली पुरली जाई. ती बिघडली तर दुरुस्तीचा खर्च मोठा. तरीही तयार माल तपासून सदोष नग बाजूला काढले की तपासनिसांचे काम संपले, अशीच तेव्हाची समजूत होती.

१६ मे १९२४ रोजी शूहार्ट यांनी वरिष्ठांना जेमतेम एक पानाचे टिपण सादर केले. सदोष नगांचे प्रमाण वेळोवेळी आलेखावर मांडावे आणि त्याच्या मर्यादा गणिताने ठरवाव्यात, अशी ती कल्पना होती. बिंदू मर्यादेत राहिले, तर तो चढउतार उत्पादनपद्धतीतच मुरलेला समजावा. त्याचे खापर कोणा एकावर फोडणे व्यर्थ होय. इतकेच नव्हे, तर अशा प्रत्येक हेलकाव्यासरशी यंत्राची मांडणी बदलीत बसल्यास माल अधिकच बिघडतो. बिंदू मर्यादेबाहेर गेला, तर मात्र विशिष्ट कारणाचा शोध घ्यावा. १९३१ च्या ग्रंथात त्यांनी हा विचार सविस्तर मांडला.

१९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने ते भारतात आले. आपल्याकडील संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाला त्या भेटीने चालना मिळाली. त्यांच्याच विचारांवर पोसलेल्या डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी कारखानदारांना हे शास्त्र शिकविले. १९६७ मध्ये शूहार्ट निवर्तले.

आज अनेक कारखान्यांत दोषांची नोंद संगणकावर होते. परंतु नुसता दोषांचा आकडा भरून भागत नाही. दोषाचा प्रकार, यंत्र, वेळ, कच्च्या मालाची खेप आणि एकूण तपासलेले नग ही सारी माहिती हवी. दोन तपासनिसांनी एकाच दोषाला एकच नाव द्यावयास हवे. शिवाय, नोंद म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा असे कामगारास वाटू लागले, तर दोष नोंदीतून नाहीसे होतील. मालात ते तसेच राहतील.

शाळेचा निकाल दोन टक्क्यांनी घसरताच वर्गशिक्षकास जाब विचारणाऱ्या आणि कार्यालयातील प्रत्येक चुकीसाठी लेखनिकास धारेवर धरणाऱ्या आपल्या समाजाने हे ध्यानात घेतले पाहिजे. दोष पद्धतीत असेल, तर ती बदलण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचीच जबाबदारी पहिली.