हेन्री गोल्डस्मिड : इंदापूरच्या दप्तराचा पडताळा घेणारा अधिकारी

सातबारा उताऱ्यावरील सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार आणि खातेदार या नोंदी परस्परांशी जुळल्या पाहिजेत, ही अपेक्षा आज स्वाभाविक वाटते. तिची पायाभरणी १८३५ मध्ये पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात झाली. त्या कामाचे प्रणेते होते हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड.

९ मे १८१२ रोजी लंडन येथे त्यांचा जन्म झाला. हेलीबरी येथील कंपनीच्या महाविद्यालयात फारसी व कायदा या विषयांत पारितोषिके मिळवून १८३२ मध्ये ते मुंबई इलाख्यात रुजू झाले.

त्या वेळी इंदापूरची स्थिती बिकट होती. नीरेकाठच्या निरवांगीपासून भीमेच्या तीरापर्यंतचा हा टापू मुळातच कमी पावसाचा. त्यात रॉबर्ट प्रिंगल यांच्या पाहणीवर आधारलेली आकारणी लागू झाली होती. निव्वळ उत्पन्नाचा ५५ टक्के हिस्सा सरकारचा, असे तिचे सूत्र होते. मात्र मोजणी सदोष होती आणि उत्पन्नाचे अंदाज चुकीचे होते. प्रतवारीत लाचलुचपतही शिरली होती. दप्तर वरकरणी शास्त्रशुद्ध, पण शेताशी त्याचा मेळ नाही. परिणामी शेतकरी जमिनी टाकून जाऊ लागले आणि सुपीक रानेही पडीक राहिली.

महसूल आयुक्तांचे सहायक असलेल्या गोल्डस्मिड यांनी लष्करी अभियंते जॉर्ज विंगेट यांच्या साथीने या दप्तराची तपासणी आरंभली. निव्वळ उत्पन्नाचे गणित त्यांनी सोडून दिले. प्रत्येक शेताला स्वतंत्र क्रमांक आणि हद्दीचे दगड देण्यात आले. मातीचा पोत व खोली पाहून तिची नऊ प्रती ठरल्या आणि त्यांचे मूल्य आण्यांत मांडले गेले. मोजणीदारांनी मोजलेल्या शेतांपैकी काही शेते वरिष्ठ पुन्हा मोजून पाहत. दर कमी करून तीस वर्षांसाठी कायम करण्यात आले. शेतकऱ्याने स्वतःच्या श्रमाने जमीन सुधारली, तरी त्या मुदतीत आकार वाढणार नव्हता. पडीक राने पुन्हा वहितीखाली येऊ लागली.

१९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची संकल्पना मांडली. एका क्रमांकाची नोंद दोनदा नसावी आणि एका तक्त्यातील उल्लेखाला दुसऱ्या तक्त्यात आधार असावा, हे नियम संगणक आता स्वतः तपासतो. सातबारावरील क्षेत्र आकारबंदाशी जुळते का, हेही त्याला क्षणात सांगता येते. परंतु आकडे आपसात जुळले, तरी ते जमिनीवरील वस्तुस्थितीशी जुळतातच असे नाही. ती खातरजमा करण्यासाठी बांधावरच जावे लागते. प्रिंगल यांच्या पाहणीचा धडा तोच होता.

१८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत सुस्थिर झाली आणि पुढे वऱ्हाड व म्हैसूरपर्यंत पोहोचली. गोल्डस्मिड १८५४ मध्ये मुंबई सरकारचे मुख्य सचिव झाले. पण अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली होती. ३ जानेवारी १८५५ रोजी कैरो येथे, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१८६५ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी इंदापूर तालुक्यातील डिकसळ येथे त्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या विश्रामगृहाचे उद्घाटन केले. पाहणीला जिथे प्रारंभ झाला, त्याच परिसरात हे स्मारक उभे राहिले. त्यानंतर थोड्याच काळात तीस वर्षांची मुदत संपली आणि फेरआकारणीत दर पुष्कळ वाढले. दप्तर बिनचूक असणे आणि कर न्याय्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे इंदापूरच्या रयतेने तेव्हा अनुभवले. गोल्डस्मिड यांनी मात्र या दोहोंची सांगड घालण्याचा प्रयत्न केला होता.